सटवाजींच्या घरचा कायदा

लातूरला लोक मुलांना शिकवणीला घालायला जातात आणि नांदेडला गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला. मी या दोन जिल्ह्यांत हिंडले ती एका शब्दासाठी. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने चष्म्यावरून बघितलं आणि "बरं" म्हणाला. आमच्या रत्नागिरीत 'बरं'चे पुष्कळ अर्थ होतात. हा त्यातला सगळ्यात वाईट होता.

शब्दाची हकीकत आधी सांगायला हवी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं स्वीडनमध्ये काढली. तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी स्वीडिश शिकले, आणि परत आल्यावर भाषांतरं करू लागले. यंदा हातात मुलांची एक कादंबरी होती. तीत एका म्हातारीकडे जादूचं पुस्तक असतं, मंत्र, तोडगे, आकृत्या असं सगळं भरलेलं. स्वीडिशमध्ये त्याला म्हणतात ग्रिमोआर. तिथल्या भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी इलेआना हेच पुस्तक रोमानियन भाषेत नेत होती. तिला फोन करून विचारलं, तुझ्याकडे याला काय म्हणतात? ती हसली. तिच्याकडेही तोच शब्द, स्पेलिंगसुद्धा अक्षराला अक्षर तेच, फक्त उच्चार ग्रिम्वारच्या जवळ जाणारा. दोन्ही भाषांनी तो फ्रेंचकडून उसना आणला आहे. आणि फ्रेंचमध्ये तो मुळात 'व्याकरण' या शब्दाचा बिघडलेला अवतार आहे. जुन्या काळी व्याकरणाचं पुस्तक म्हणजे लॅटिनचं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना त्यातली गिचमीड बघून वाटायचं की यात जादूच असणार.

इलेआनाचं काम एका मिनिटात झालं. माझं अडकलं. 'पोथी' म्हटलं की कापूर-उदबत्तीचा वास येतो. 'मंत्रग्रंथ' मुलं उचलणार नाहीत. 'जादूची वही' म्हटलं तर म्हातारी भीतीदायक न वाटता गमतीदार होते. मी हस्तलिखितात तेवढी जागा कोरी ठेवली आणि लातूरच्या शोभाकडे रडगाणं गायलं. शोभा माझी कॉलेजातली मैत्रीण, तिथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, आमच्या बोलीत उर्दू लोणच्यासारखी मुरलेली आहे, इथे येऊन शोध. थंडी होती, आंब्याचा मोहोर यायला अवकाश होता, मी निघाले.

लातूर

पहिल्या रात्री झोपताना शोभाने विचारलं, "सकाळी सुशीला चालेल ना?"

मला वाटलं, स्वयंपाकाची बाई असेल. म्हटलं, चालेल की, तुझ्याकडे नेहमी तीच असते का? शोभा म्हणाली, नेहमी कुठली, पाहुणे आले की. सकाळी लवकर उठून अंघोळ करून मी सुशीलाबाईंची वाट बघत बसले. त्यांच्याशी बोलून बोलीतले चार शब्द टिपावेत असा विचार होता. शोभाने समोर बशी ठेवली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरवी मिरची, कांदा आणि दाण्याच्या कुटाची फोडणी. हीच सुशीला. आमच्याकडे पोहे होतात तसे इथे मुरमुरे होतात, इतकंच. शोभाने ही गोष्ट पुढच्या आठवडाभर भेटेल त्याला सांगितली. सुशीला मात्र चवीला उत्तम होती आणि मी दोनदा घेतली.

लातूर शहराबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. खांद्यावर दप्तर अडकवलेल्या मुलामुलींच्या झुंडी एका शिकवणीतून दुसरीकडे जाताना दिसतात आणि रस्त्यावरचे निम्मे फलक त्यांच्याच चेहऱ्यांनी भरलेले. आमच्या गावात मोठमोठ्या अक्षरांत आंब्याचं नाव असतं, इथे गुणांची टक्केवारी.

औसा

तिसऱ्या दिवशी शोभा मला एसटीने औशाला घेऊन गेली. किल्ला बघायचा आणि हमीद सरांना भेटायचं असा बेत होता. किल्ला खोलगट जागेत बसवलाय, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आमचे किल्ले समुद्राकडे तोंड करून उभे असतात आणि लांबूनच ओळख देतात, त्यामुळे ही लपंडाव खेळणारी जात मला नवीन होती. खंदकाच्या कडेने चालताना चपलेचा अंगठा तुटला आणि पुढचा सगळा किल्ला मी एक पाय ओढत पाहिला.

हमीद सर तिथल्या शाळेत उर्दू शिकवून निवृत्त झालेले. उंच, गळ्यात मफलर, आणि उच्चारांच्या बाबतीत भलतेच कडक. त्यांच्या बेगमने माझी अवस्था बघून स्वतःच्या चपला पुढे केल्या आणि नको म्हणायची संधीच दिली नाही. चहा झाल्यावर मी ग्रिमोआर काढला. सरांनी तो शब्द दोनतीनदा जिभेवर घोळवला. मग म्हणाले, आपल्याकडे बयाज़ आहे. हकीम आपले नुस्खे ज्यात उतरवून ठेवतो ती बयाज़, शायर शेर उतरवतो तीही बयाज़, आणि ताईत-गंडे देणारा आमिल आपले नक्ष आणि अमल, म्हणजे आकृत्या आणि तोडगे, ज्यात जपून ठेवतो तीसुद्धा. बाप मुलाला देतो, दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

मला शब्द तिथेच आवडला. म्हातारीच्या हातात तो शोभेल असं वाटलं. आता कादंबरीत तोच आहे, फक्त ज-खालचा नुक्ता काढून टाकला, त्याबद्दल सरांनी मला अजून माफ केलेलं नाही.

म्हणजे माझं काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी परतायला हरकत नव्हती. पण शोभाला मध्येच आठवलं की नांदेडला वकिली करणारी तिची जुनी विद्यार्थिनी, रमा सोनकांबळे, हिच्या घरी असंच एक पुस्तक आहे. निजामाच्या काळात तिच्या आजोबांनी, सटवाजींनी, ते गावात आणलं. गाव त्या पुस्तकाला भ्यायचं. त्याला हात लावला की ताप येतो म्हणायचे. त्याचं नाव काय होतं, मी विचारलं.

"कायदा," शोभा म्हणाली. कायद्याचं पुस्तक. सटवाजींनी त्याच्या जोरावर घरची वेठ बंद केली. आता उमरी तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांच्या नावाने वाचनालय निघतंय, रविवारी उद्घाटन आहे आणि ते पुस्तक तिथे काचेत ठेवणार आहेत.

हमीद सरांनी विचारलं, निजामाच्या काळातलं म्हणजे उर्दूत असेल. कुणी वाचलंय? शोभाने रमाला फोन लावून तो सरांच्या हातात दिला. रमा म्हणाली, आमच्यात उर्दू कुणाला येतं सर? कायद्याचं आहे एवढं माहीत आहे. तुम्ही आलात तर उपकार होतील, काचेखाली लिहायला त्याचं नीट नाव तरी मिळेल. सरांनी बेगमकडे पाहिलं, बेगमने मान डोलावली, आणि आम्ही तिघं नांदेडला जायचं ठरलं. मी परक्या चपलांतच.

नांदेड

नांदेडला आम्ही दुपारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो. रांगेत बसलेल्यात पंजाबातून आलेले वृद्ध, तेलंगणातले व्यापारी आणि शेजारच्या गल्लीतली कॉलेजची पोरं होती. वाढणारा मनुष्य दोन्ही हात पुढे केल्याशिवाय पोळी देत नाही. मी सवयीने एकच हात पुढे केला, तर तो शांतपणे थांबून राहिला. देवळात प्रसाद घेताना आम्ही उजवा हात पुढे करतो आणि डावा खाली धरतो, इथे दोन्ही हात सारख्या मानाचे.

संध्याकाळी रमा भेटली. पस्तिशीची, भराभर बोलणारी, हातात सतत फोन. तिने आजोबांची गोष्ट सांगितली, ती ऐकताना कळत होतं की ही गोष्ट तिने भाषणांतही सांगितली असणार. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या प्रत्येक घराला वेठ होती, म्हणजे पाटलाचा माणूस बोलवायला आला की हातातलं काम टाकून फुकट राबायला जायचं, अंमलदाराचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं. सटवाजी धर्माबादला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायला गेले आणि काही महिन्यांनी परतले ते हे पुस्तक घेऊन. पुढच्या वेळी पाटलाचा माणूस दारात आला तेव्हा ते पुस्तक उघडून उभे राहिले, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कायद्यात न्हाई." तो माणूस परत गेला. गावभर झालं, सटव्याच्या घरी कायदा हाय. मग वस्तीतले इतरही येऊ लागले. सटवाजी बोट फिरवायचे आणि सांगायचे, हे कायद्यात हाय, हे न्हाई.

"मी वकील झाले ती त्या पुस्तकामुळे," रमा म्हणाली. हे तिने भाषणातल्यासारखं म्हटलं नाही. फोन खाली ठेवून म्हटलं.

गाव

शनिवारी सकाळी तिच्या गाडीने निघालो. गावाचं नाव मी लिहीत नाही, रमाने तशी विनंती केली आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उभा हरभरा, मधूनच करडईचे काटेरी पिवळे तुकडे. सपाट, रुंद, आभाळ सगळीकडून खाली उतरलेलं. ज्याचा जन्म डोंगरउतारावर गेला, त्याला इथे सुरुवातीला उघडं पडल्यासारखं वाटतं.

वाचनालय म्हणजे दोन नव्या खोल्या, रंगाचा वास अजून ताजा. दारावर पेंटरने फलक रंगवला होता: गावात पहिला कायदा आणणारे कालकथित सटवाजी सोनकांबळे सार्वजनिक वाचनालय. रमाचे वडील किसनराव दारातच भेटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, ताठ पाठ. जयभीम झाला. "लई लांबून आलाव," ते म्हणाले, "आधी जेवा." आधी म्हणजे आधीच. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या पिठामसाल्याची, आमटी, दाण्याची चटणी. हमीद सर दोनदा म्हणाले की आधी पुस्तक बघू, पण ऐकलं गेलं नाही.

हात धुतल्यावर किसनरावांनी लोखंडी पेटीतून निळ्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. ते दर भीमजयंतीला काढून समोर ठेवतात, हार घालत नाहीत, नुसतं बघतात. त्यांनी ते दोन्ही हातांनी हमीद सरांना दिलं.

सरांनी चष्मा चढवला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, परत पहिल्यावर आले. त्यांचा चेहरा बदलला ते मला दिसलं. रमालाही दिसलं असावं, कारण तिने फोन पालथा ठेवला.

"हा कायदाच आहे," सर सावकाश म्हणाले. "पण तुमचा नाही. आमचा. लेकरांचा."

मग त्यांनी समजावलं. उर्दूत मुलांच्या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात. अलिफ, बे, पे. अंकलिपी म्हणा. त्यांनी स्वतः अशाच एका कायद्यावर अक्षरं गिरवली होती. धर्माबादला कुणीतरी, कदाचित जिनिंगचा मुनशी असेल, सटवाजींना शिकवायला बसला असेल आणि म्हणाला असेल, हा घे कायदा. त्या शब्दाचा गावाने आपल्या मराठीतला अर्थ घेतला.

मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, आणि मी ग्रिमोआरची सगळी कथा सांगितली. की फ्रान्समध्येही असंच झालं, साधं व्याकरणाचं पुस्तक न वाचणाऱ्यांना जादूचं वाटलं, आणि तो शब्द स्वीडनपासून रोमानियापर्यंत गेला. सांगताना मला ही गोष्ट फार सुंदर वाटत होती.

रमाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मॅडम," ती म्हणाली, "ते तुमच्या पुस्तकाला ठीक आहे. उद्या इथे आमदार येऊन राहिले. बाहेर फलक लागलाय. काचेखाली मी काय लिहू, बालवाडीचं पुस्तक?"

ती बरोबर होती. मला शरम वाटली. तिच्या आजोबांचं नाव पणाला लागलं होतं आणि मी शब्दांच्या प्रवासाचं कौतुक करत बसले होते. रमाने शोभाला विचारलं की पेंटरला आत्ता बोलावलं तर रात्रीपर्यंत फलक बदलून होईल का. मग म्हणाली, पुस्तक ठेवूच नये, हरवलं म्हणावं. मग म्हणाली, ठेवावं आणि काही सांगू नये, कुणाला वाचता येतंय? शेवटचं वाक्य म्हणताना तिने हमीद सरांकडे बघितलं. सर म्हणाले, माझ्या तोंडून कुठे जाणार नाही.

किसनराव या सगळ्यात नव्हते. ते सरांच्या शेजारी सरकून बसले होते आणि पुस्तकाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, बापाने यातलं कुठवर वाचलं हे कळतं का?

सर पानं उलटू लागले. पहिली पानं तपकिरी, कोपरे झिजून गोल झालेले, बोटाचे तेलकट डाग. समासात पेन्सिलीने अक्षरं गिरवलेली, वाकडी, मोठी, एकेक पुन्हापुन्हा. अलिफची रांग, बेची रांग, जीम. मग दाल. दालची रांग अर्ध्यावर थांबली होती. पुढची पानं स्वच्छ होती. त्यापुढची दोन पानं तर कडेला एकमेकांना चिकटलेली, छापखान्यात कापायची राहून गेलेली, कुणी कधी उघडलीच नव्हती.

"दालपर्यंत पोचले होते," सर म्हणाले. त्यांनी बोटाने पुढचं एक अक्षर दाखवलं. हे सीन. सटवाजी लिहायचं तर सुरुवात इथून होते. तिथवर ते आलेले दिसत नाहीत.

"म्हंजे बापाला वाचाय येत नव्हतं," किसनराव म्हणाले.

रमा म्हणाली, बाबा, तसं नाही म्हणता येणार, दुसरं एखादं पुस्तक असेल. किसनरावांनी मान हलवली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. निजाम गेल्यावर मराठी शाळा आली, किसनराव शिकू लागले. घरी टपाल आलं, सातबारा आला, दवाखान्याची चिठ्ठी आली की सटवाजी ती मुलापुढे धरायचे. म्हणायचे, मी उर्दूचा माणूस, ही तुमची मराठी अक्षरं मला लागत न्हाईत, तू वाच. शेवटपर्यंत तेच म्हणाले. आणि मुलाला ते खरं वाटत होतं, म्हणून कधी विचारलं नाही.

मी हे सगळं तिऱ्हाइतासारखं लिहितेय, कारण तिथे मी तिऱ्हाईतच होते. शोभा उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

रमाने फोन उचलला. पेंटरचा नंबर शोधत असावी. किसनरावांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बोर्ड ऱ्हाऊ दे. खोटं काय लिवलंय त्यात? कायदाच हाय त्यो."

"आणि काचेखाली?"

"दालाचं पान उघडं ठेव."

"लोकांनी विचारलं तर काय सांगायचं बाबा?"

"इथवर आलता म्हणून सांग."

रमाने फोन पर्समध्ये टाकला आणि पुस्तक सरांच्या हातातून स्वतःच्या मांडीवर घेतलं. तिने त्या अर्ध्या राहिलेल्या रांगेवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, आपण मराठी वाचतो तसं. औशाला माझा एकही उच्चार न सोडणाऱ्या सरांनी तिला अडवलं नाही.

किसनराव दाराबाहेर बघत होते. बाहेर मंडपवाले बांबू रोवत होते.

"मला लहानपणापासून वाटायचं," ते म्हणाले, "मपल्या बापाला कायदा येत व्हता, म्हणून त्यो पाटलाला भ्याला न्हाई. कायदा ठावं असल्यावर कोण भितंय? आन् त्याला तर ह्या चार अक्षराच्या पुढं काहीच येत नव्हतं. दारात पाटलाचा माणूस हुबा, मागं बायकालेकरं, आन् ह्याच्या हातात हे लेकरांचं पुस्तक."

ते आमच्याकडे वळले.

"किती भ्याला असंल वो त्यो," ते म्हणाले, "आन् आमाला कधी कळू दिलं न्हाई."